‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ : १९२४ची की १९४२ची?

अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्श्विनची पियानो आणि वाद्यवृंदासाठीची ही रचना. कार्यक्रमपत्रिकेत ‘गर्श्विन : ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ एवढंच छापतात, आणि तिथेच फसगत होते. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनच्या बँडने वाजवली ती एक; मोठ्या सिम्फनी वाद्यवृंदासाठी १९४२ साली छापली गेली ती दुसरी. हल्ली बहुधा दुसरीच वाजते. दोन्हींची वाद्ययोजना, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं याची मांडणी, व्हाइटमनचा संयोजक फर्डे ग्रोफेचीच. दुसरी छापून आली तेव्हा गर्श्विनला जाऊन पाच वर्षं झाली होती.

ओळखणं सोपं आहे. वादक बसले की व्हायोला आणि चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातली मोठी तंतुवाद्यं) शोधा. दिसले तर १९४२ची. व्हाइटमनकडे आठ व्हायोलिनं होती, व्हायोला-चेलो नव्हतेच. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, ओबो असा सगळा फुंकवाद्यांचा भार तीनच वादकांवर, म्हणून प्रत्येकाशेजारी एकाहून अधिक वाद्यं मांडलेली. असे हरहुन्नरी वादक सिम्फनीत सहसा नसतात. ते संगीत नाटकांच्या वाद्यवृंदांतून आणावे लागतात. मूळ योजना क्वचित ऐकू येते त्याचं हे एक कारण.

खरा फरक बँजोचा. छोट्या बँडमध्ये त्याचा खडखडीत ठेका पियानोला पुढे ढकलतो. १९४२च्या योजनेतही बँजो आणि तीन सॅक्सोफोन आहेत, पण पुष्कळदा वगळले जातात. ठेवले तरी तंतुवाद्यांच्या गर्दीत बँजो बुडतो. मग ई मेजर या स्वरपट्टीतली संथ धून आली की लय सैलावते आणि सगळं पाकात घोळल्यासारखं होतं. आमचं मत स्पष्ट आहे : पर्याय असेल तर १९२४ची ऐका.

रचनेच्या सुरुवातीला क्लॅरिनेट खालून वर घसरत जातो, त्यावरून मात्र काही ठरवू नका, ती मींड दोन्हींत असते. कागदावर होती सुट्या स्वरांची धाव. व्हाइटमनचा क्लॅरिनेटवादक रॉस गॉर्मनने तालमीत गंमत म्हणून ती घसरवली आणि गर्श्विनला आवडली. खालचे स्वर बोटांनी सुटेच घ्यावे लागतात. खरी घसरण वरच्या पट्टीत, बोटं हळूहळू सरकवून आणि जिभेची ठेवण बदलून. बोटं घाईने उचलली तर मींड तुटून पायऱ्या ऐकू येतात.

व्हाइटमनचं जून १९२४चं ध्वनिमुद्रण जरूर ऐका, पण तबकडीच्या दोन बाजूंत बसवण्यासाठी रचना कापून सुमारे नऊ मिनिटांवर आणली आहे. त्यावरून मूळ लय ठरवू नये.