जुन्या ट्रकचा पत्रा: आधी लांबी की आधी प्राइमर?

जुना ट्रक पुन्हा उभा करताना रंग उतरवून पत्रा उघडा केला की पहिला वाद लांबीवरून, म्हणजे खोलगे भरायच्या पुट्टीवरून होतो. ती थेट पत्र्यावर भरायची की आधी इपॉक्सी प्राइमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारून त्यावर? दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षे डेंटिंग-पेंटिंग केलेली माणसे आहेत आणि दोन्ही बाजू ठाम आहेत. साहित्य कसकसे बदलत गेले हे पाहिल्यावर हा वाद बराचसा उलगडतो.

गाड्यांना पूर्वी ब्रशने रंग-वार्निशचे थर चढवत आणि ते वाळण्यातच आठवडे जात. १९२३-२४च्या सुमारास फवाऱ्याने मारायचा, झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग आला. पत्र्यातले खोलगे मात्र पुढेही बराच काळ शिशानेच भरले जात. त्या मिश्रणात साधारण ७० टक्के शिसे आणि ३० टक्के कथील असे. शिसे धरावे म्हणून पत्रा लख्ख घासायचा, आम्ली फ्लक्स (धातू साफ करणारे द्रव्य) लावून त्यावर कल्हई करायची आणि मऊ झालेले शिसे लाकडी पट्टीने दाबत पसरवून नंतर कानशीने सारखे करायचे. फ्लक्स नीट धुतला गेला नाही, तर रंगाला आतून फोड येत. अशा जुन्या केबिनचा रंग काढताना छताच्या जोडावर मऊ, करडा पट्टा लागला, तर बहुधा ते शिसेच असते. त्यावर ग्राइंडर मुळीच फिरवू नये. त्याची धूळ विषारी असते.

१९५०च्या दशकात पॉलिएस्टर लांबी आली. हार्डनर साधारण दोन टक्के मिसळला की ती काही मिनिटांत घट्ट होते. शिशामुळे पडलेली ‘आधी उघडा पत्रा’ ही शिस्त तिच्या बाबतीतही तशीच चालू राहिली, आणि तेव्हा ते योग्यच होते. लांबीतल्या स्टायरीन या द्रावकाने त्या काळचे साधे प्राइमर मऊ होऊन उचलले जात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढे आलेल्या, धातूला आम्लाने किंचित कोरून पकड घेणाऱ्या एच (etch) प्राइमरमध्ये फॉस्फोरिक आम्ल असते आणि ते लांबीच्या घट्ट होण्यात अडथळा आणते. त्यामुळे एच प्राइमरवर लांबी आजही भरत नाहीत.

दोन भागांच्या इपॉक्सी प्राइमरने हे गणित बदलले. तो पुरता घट्ट झाला की स्टायरीनला दाद देत नाही, आणि त्यात गंजरोधक घटक असतील तर पत्र्याचे रक्षणही करतो. उलट पॉलिएस्टर लांबी सच्छिद्र असते, ती ओल शोषते. ती थेट पत्र्यावर असली आणि कडेला कुठे ओल शिरली, तर गंज लांबीखालून पसरतो आणि फुगवटा दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. पत्र्यावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरचे ओरखडे असले की लांबीची पकड उत्तम बसते, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा खरा आहे. अनेक लांबी-उत्पादकही उघडा पत्राच सांगतात. जो पत्रा एकाच दिवशी घासून, भरून, प्राइमरखाली जाणार आहे, त्याच्यासाठी ही पद्धत चालते. पण जुन्या ट्रकचे काम महिनोन्‌महिने रेंगाळते. अशा कामात आधी इपॉक्सी मारावा, असे मला ठामपणे वाटते. फक्त न घासता त्यावर पुढचा थर देण्याची ठरलेली मुदत उलटली असेल, तर लांबीआधी इपॉक्सी घासून खरबरीत करावा लागतो.

रंग कसा उतरवला यावरही पुढचा क्रम ठरतो. वाळूच्या फवाऱ्याचे पेटंट १८७०चे. त्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात म्हणून ब्रिटनने १९४९च्या नियमांनी फवाऱ्यात सिलिका वापरायला बंदी घातली. पत्रा फवाऱ्याने तापून वाकतो असे सर्रास म्हणतात, पण मुख्य कारण कणांचा मारा हे आहे. त्याने एकच बाजू ताणली जाते. म्हणून चेसिस आणि जाड ब्रॅकेटांवर चालणारा दाब बोनेटच्या किंवा दाराच्या सपाट भागावर चालत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची आतली बाजू साफ करताना खाण्याचा सोडा वापरला गेला आणि सोड्याचा फवारा लोकांना माहीत झाला. तो पातळ पत्र्याला सौम्य असतो, पण जोडांत उरलेल्या सोड्यावर प्राइमर धरत नाही, त्यामुळे पत्रा कसून धुवावा लागतो.

रासायनिक रिमूव्हरमधले डायक्लोरोमिथेन जितके प्रभावी, तितकेच घातक. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि शरीरात त्याचे कार्बन मोनॉक्साइड तयार होते. बंद खोलीत त्याने माणसे दगावली आहेत. अमेरिकेने २०१९मध्ये ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर बंदी आणली. नव्या रिमूव्हरला वेळ जास्त लागतो, अशी कुरकुर ऐकू येते. ती खरी असली तरी बंदी योग्यच होती.

बाजारातून आणलेल्या नव्या मडगार्डवर बहुधा काळा थर असतो. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रूढ झालेल्या विद्युत-लेपनाचा (भाग रंगाच्या टाकीत बुडवून विजेने चढवलेला) तो असेल, तर काढायचे कारण नाही, हलके घासून पुढचे काम करता येते. थिनरमध्ये भिजवलेले फडके त्यावर थोडा वेळ दाबून धरावे. थर मऊ पडून फडक्याला लागला, तर तो केवळ वाहतुकीपुरता दिलेला रंग समजावा आणि पत्र्यापर्यंत उतरवावा.