मुंबईवर लघुग्रह? एका ३.१ टक्क्यांची गोष्ट

फेब्रुवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात एक बातमी मोबाइलवरून मोबाइलवर धावत होती. पृथ्वीवर लघुग्रह आदळण्याची शक्यता पुन्हा वाढली, धोक्याच्या पट्ट्यात मुंबई! सोबत आगीत लालबुंद झालेल्या अजस्र खडकाचे चित्र, शेजारी बिचारी पृथ्वी.

बातमी खोटी नव्हती, आणि म्हणूनच ती नीट वाचायला हवी. निव्वळ थाप थोड्या शोधाने उघडी पडते. आकडा खरा, संस्था खरी, पण वाचून मनात जे चित्र उभे राहते ते मात्र चुकीचे, अशा बातमीपुढे भलेभले गडबडतात.

आधी काय घडले ते पाहू. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला एक नवा लघुग्रह दिसला. त्याला नाव मिळाले २०२४ वायआर४. दोनच दिवस आधी तो पृथ्वीपासून सव्वाआठ लाख किलोमीटरवरून, म्हणजे चंद्राच्या दुपटीहून थोड्या जास्त अंतरावरून, निघून गेला होता. कक्षेचे गणित मांडल्यावर २२ डिसेंबर २०३२ ही तारीख पुढे आली. त्या दिवशी धडक बसण्याची शक्यता जानेवारीच्या अखेरीस एक टक्क्याच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोहोचली. या आकाराच्या किंवा याहून मोठ्या लघुग्रहासाठी नोंदवलेला हा आजवरचा सर्वांत मोठा आकडा. दोन दिवसांनी तो ०.२८ वर घसरला, २४ फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ शून्य झाला.

मग शास्त्रज्ञांचे गणित चुकले होते का? अजिबात नाही. शक्यता आधी चढते आणि मग एकदम कोसळते, याच्यामागे साधा हिशेब आहे.

नव्या लघुग्रहाची निरीक्षणे थोडी असतात. त्यामुळे आठ वर्षांनी तो नेमका कुठे असेल हे एका बिंदूत सांगता येत नाही. एक लांबलचक पट्टा सांगता येतो, त्यात तो कुठेही असू शकतो. समजा हा पट्टा शंभर पृथ्व्या मावतील एवढा लांब आहे आणि आपली पृथ्वी त्यात एके ठिकाणी आहे. शक्यता झाली शंभरात एक, म्हणजे एक टक्का. आणखी निरीक्षणे मिळाली, पट्टा आखडला, आता बत्तीसच पृथ्व्या मावतात. पृथ्वी अजून पट्ट्यातच असेल, तर शक्यता बत्तिसात एक, म्हणजे ३.१ टक्के. लघुग्रह जराही जवळ आलेला नाही, फक्त आपली माहिती वाढली आहे. पट्टा आणखी आखडतो, पृथ्वी त्याच्या बाहेर पडते आणि शक्यता शून्याकडे जाते. वायआर४ च्या बाबतीत हेच झाले. मधे माघ पौर्णिमेच्या लख्ख चांदण्यात इतका मंद ठिपका टिपणे अवघड होते; चंद्रप्रकाश ओसरला, नवी निरीक्षणे आली आणि चित्र भराभर पालटले.

आता मुंबईचे. धोक्याचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र करत दक्षिण आशियापर्यंत पसरला होता. ३.१ टक्के ही शक्यता या अख्ख्या पट्ट्याची होती, त्यातही बराचसा भाग समुद्राचा. मुंबईच्या वाट्याला त्यातला अगदी छोटा अंश येतो. मथळ्यात मात्र पट्ट्याचा आकडा आणि मुंबईचे नाव शेजारी शेजारी बसवले, की वाचणारा दोन्हींची सांगड आपोआप घालतो.

आकाराचेही तसेच. सुरुवातीचा अंदाज ४० ते ९० मीटर होता. मार्चमध्ये जेम्स वेब दुर्बिणीने तो सुमारे ६० मीटर ठरवला. हा क्षुल्लक नव्हे. १९०८ मध्ये सैबेरियात तुंगुस्का भागात साधारण याच मापाचा खडक हवेत फुटला असे मानतात, आणि सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर जंगल आडवे झाले. एखादे शहर होत्याचे नव्हते होऊ शकते, पण पृथ्वीचा अंत होत नाही. बातमीतला तो पेटता डोंगर चित्रकाराचा. दुर्बिणीतून वायआर४ एक अंधूक ठिपका दिसत होता.

अशी बातमी हाती आली की मी सर्वांत आधी लघुग्रहाचे नाव शोधते. ‘महाविनाशक खडक’ एवढेच लिहिले असेल तर पडताळायला काही उरतच नाही. खरे नाव असेल तर त्यातच माहिती असते: २०२४ हे शोधाचे वर्ष, वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, आर४ म्हणजे त्या पंधरवड्यातली ११७ वी नोंद. हे नाव नासाच्या आणि युरोपीय अवकाश संस्थेच्या धोका-यादीत कुणालाही तपासता येते. दोघांचे हिशेब स्वतंत्र असतात. १८ फेब्रुवारीला नासा ३.१ म्हणत होती तेव्हा युरोपचा आकडा २.८ होता. असा थोडासा फरक असावाच. त्यावरून दोघांनी आपापले गणित केले आहे हे कळते. आणि आकड्याशेजारी तारीख नसेल तर तो वाचूच नये. १८ तारखेचा खरा आकडा २१ तारखेला कुणी पुढे पाठवला, तर तो शिळाच नाही, दिशाभूल करणाराही असतो. मला सर्वांत खटकते ते हेच: शक्यता वाढल्याचे मेसेज धडाधड आले, ती शून्यावर आल्याचे क्वचितच कुणी पाठवले.

यापुढची मोठी तारीख आहे १३ एप्रिल २०२९. त्या दिवशी अपोफिस हा सुमारे ३४० मीटरचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून. डिसेंबर २००४ मध्ये याचीही शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढून कोसळली होती; २०२१ मधल्या रडार निरीक्षणांनंतर नासाने पुढच्या किमान शंभर वर्षांसाठी धडकेची शक्यता नसल्याचे जाहीर केले. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. तेव्हाचे मथळे कसे असतील याची कल्पना आताच करता येते, आणि ते तपासायला लागणारी माहितीही आताच उपलब्ध आहे.