टोपोग्राफी झाली म्हणजे टोमोग्राफी झाली, असं नाही

"मॅडम, ही तपासणी झालीये की आमची. परत कशाला?" निफाडहून आलेल्या ताईंनी फाइल माझ्यापुढे सरकवली. मुलगा अकरावीतला. दीड वर्षात तिसरा चष्मा, सिलिंडर नंबर (डोळ्याच्या असमान गोलाईचा नंबर) दर खेपेला वाढलेला, आणि आई बोलत असतानाही त्याचं उजवा डोळा मुठीनं चोळणं चालूच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं टोमोग्राफी. फाइलीत होती टोपोग्राफी.

नाशिकमध्ये डोळे तपासण्याचं काम करताना हा घोळ मला सारखा दिसतो. त्यात दोष रुग्णांचा नाही. कितीतरी ठिकाणी आम्हीच बोलताना दोन्हींना सरसकट 'टोपोग्राफी' म्हणतो. पण केराटोकोनसची शंका असेल तेव्हा हा एका अक्षराचा फरक फार महत्त्वाचा असतो. या आजारात कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात होते. क्रॉसलिंकिंगने, म्हणजे थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया घट्ट करण्याच्या उपचाराने, त्याला बहुतेक वेळा थोपवता येतं, पण गेलेला आकार पूर्ववत होत नाही. म्हणून लवकर सापडणं महत्त्वाचं.

भांडी बाजारात तांब्याची कळशी घेताना जाणती माणसं ती तिरकी धरून उजेडात फिरवतात. दिव्याचं प्रतिबिंब सरळ सरकलं तर ठीक, मध्येच वाकलं तर तिथे पोचा आहे. टोपोग्राफी हेच करते. हनुवटी टेकवून बसायचं, समोर एकात एक उजळ वर्तुळं दिसतात आणि कॉर्नियावर पडलेल्या त्यांच्या प्रतिबिंबाचा फोटो निघतो. वर्तुळं जिथे दाटलेली, तिथे उतार तीव्र. केराटोकोनसमध्ये ती बहुतेक वेळा खालच्या बाजूला दाटतात आणि अंड्यासारखी लांबट होतात. पोर्तुगालच्या प्लासिदो यांनी 1880च्या सुमारास हातात धरायची अशी चकती वापरली होती. आज मोजमाप संगणक करतो, पण मूळ युक्ती तीच आहे. ही प्रतिबिंबं अश्रूंच्या थरावर उमटतात, त्यामुळे डोळा कोरडा असेल तर नकाशा बिघडतो.

पण कळशीचा पत्रा किती जाड आहे आणि आतून कसा आहे, हे चकाकीवरून कळत नाही. तिथे टोमोग्राफी लागते. 'टोमो' म्हणजे काप. प्रकाशाची बारीक फट डोळ्यातून जाते, तिरका लावलेला कॅमेरा गोल फिरत दोनेक सेकंदांत पंचवीस-पन्नास काप टिपतो, आणि त्यातून कॉर्नियाची पुढची बाजू, मागची बाजू आणि जागोजागची जाडी उभी राहते. तिरक्या कॅमेऱ्याने सगळं स्पष्ट टिपायची ही रीत ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या शाइमफ्लूग यांच्या नावाने ओळखली जाते. आकाशातून काढलेल्या फोटोंसाठी त्यांनी 1904मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं.

मागची बाजू एवढी महत्त्वाची का? कॉर्नियाच्या पुढे एपिथेलियम नावाचा पेशींचा थर असतो. शंकू वर येऊ लागला की हा थर टोकावर पातळ होतो आणि भोवती जाड होतो. भिंतीचा उंचसखलपणा गिलाव्याखाली झाकला जावा, तसं हे आहे. त्यामुळे सुरुवातीला पुढचा नकाशा बराचसा ठीक दिसू शकतो. मागच्या बाजूला असा गिलावा नाही. 2015मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून केराटोकोनसच्या निदानाचे निकष ठरवले, त्यात मागच्या पृष्ठभागाचा बिघाड आणि जाडीची विषम वाटणी या गोष्टी आवश्यक धरल्या. दोन्ही टोमोग्राफीतच दिसतात. उपचारासाठीही जाडी लागते: सर्वसाधारण कॉर्निया मध्यभागी सुमारे 540 मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, असतो, आणि नेहमीच्या पद्धतीच्या क्रॉसलिंकिंगला वरचा थर काढल्यावर निदान 400 मायक्रॉन उरावे लागतात.

टोपोग्राफी वाया जात नाही. पुढचा आकार ती फार बारकाईने सांगते, कॉन्टॅक्ट लेन्स बसवताना तिचा मोठा उपयोग होतो, आणि काही मशिनांत दोन्ही सोयी एकत्र असतात. आपल्या फाइलीत नेमकं काय आहे हे पाहायचं तर कागदावर जाडीचा नकाशा आणि मागच्या बाजूचा नकाशा शोधा. दोन्ही नसतील तर ती नुसती टोपोग्राफी. रंगांवरून मात्र घरी निष्कर्ष काढू नका. वक्रतेच्या नकाशात लाल म्हणजे तीव्र उतार, जाडीच्या नकाशात बहुधा लाल म्हणजे पातळ, आणि मोजपट्टी बदलली की तोच डोळा वेगळ्या रंगात दिसतो.

लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीआधी ती काढून ठेवायची असते, मऊ असेल तर साधारण आठवडाभर, कडक असेल तर दोन-तीन आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस. लेन्सने दाबलेला आकार खरा समजला गेला तर सगळंच चुकतं.

त्या मुलाची टोमोग्राफी झाली. पुढच्या नकाशात उजव्या डोळ्याच्या खालच्या बाजूला जराशी असमानता होती. ती जुन्या कागदावरही होती, सिलिंडर नंबरमुळे असेल म्हणून सुटलेली. मागच्या नकाशात मात्र त्याच जागी ठळक उंचवटा, आणि सगळ्यात पातळ जागाही तिथेच. डॉक्टरांनी डोळे चोळणं पूर्ण बंद करायला सांगितलं, अ‍ॅलर्जीचे थेंब दिले आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

"तेव्हा निफाडात केली तर चालेल का?" ताईंनी विचारलं.

"ताई, याच मशिनवर करा. दोन मशिनांचे आकडे एकमेकांशी ताडून वाढ ठरवता येत नाही."

त्यांनी मुलाकडून पेन मागून घेतलं आणि नव्या कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत तारीख आणि मशिनचं नाव लिहून घेतलं.