पायऱ्या नसतातच! डॅक घ्यायच्या आधी एवढं वाचा

परवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र फिरत आलं. वर एक गुळगुळीत नागमोडी रेघ, नाव 'ॲनालॉग'. मधे तीच रेघ जोतिबाच्या पायऱ्यांसारखी तुटक, नाव 'सीडी'. खाली बारीक पायऱ्यांची अजून एक रेघ, नाव 'हाय-रेझ', म्हणजे सीडीपेक्षा जास्त आकड्यांत साठवलेला आवाज. आणि तासाभरात आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून मित्राचा फोन, "भावा, ६०,००० चा डॅक बघून आलोय, ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ, घेऊन टाकू काय?" मी म्हटलं दोन दिवस थांब, आधी त्या चित्राचं बोलू. कारण ते चित्र सपशेल खोटं आहे आणि त्याच्या जोरावर लोकांचे लई पैसे जातात.

डॅक (डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर) म्हणजे आवाजाच्या आकड्यांचं व्होल्टेज करणारी चिप. मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप सगळ्यात एक असतेच, वेगळी डबी घ्यायची ती ॲम्प्लिफायरला स्वच्छ सिग्नल मिळावा म्हणून. सीडीवर एका सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एक. हा ४४,१०० आकडा काही गूढ नाही, त्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे, एका ओळीत ३ आकडे, २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा, करा गुणाकार.

आता पायऱ्या. शाळेत शिकलोय, दोन बिंदूंतून एकच सरळ रेघ जाते, एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ. तसंच आवाजात २२ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला २२ हजार कंपनांच्या) वर काही नाही अशी अट घातली तर त्या ४४,१०० बिंदूंतून जाणारी वळणदार रेघ एकच असते, दुसरी नाहीच. जवळपास बरोबर वगैरे नाही, तीच. नायक्विस्ट नावाच्या इंजिनिअरनं १९२८ मधे याचा पाया घातला, शॅनन या गणितज्ञानं १९४९ मधे नीट मांडलं. डॅकच्या शेवटी फिल्टर असतो तो नेमकी हीच रेघ काढतो. तारेतून जे बाहेर येतं त्यात पायरी नसते, ऑसिलोस्कोप (सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून बघा, गुळगुळीत रेघच दिसते. बिट कमी केले तर पायऱ्या ऐकू येत नाहीत, फक्त मागची खरखर वाढते, एका बिटाला साधारण ६ डेसिबल. १६ बिटचे झाले ९६ डेसिबल, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज आणि खरखर यांच्यातलं अंतर. रात्रीच्या शांत खोलीतच ३०-३५ डेसिबलचा आवाज असतो, त्याच्यावर ९६ म्हणजे किती ते बघा.

आता माझा आवडता भाग, इथं जरा वेळ लावतो.

१६ बिटचा आकडा व्होल्टेजमधे बदलायचा सरळ मार्ग म्हणजे रेझिस्टरची (वीज अडवणाऱ्या छोट्या भागांची) शिडी. प्रत्येक बिटाला एक फांदी, वरची फांदी खालच्याच्या दुप्पट. अडचण अशी की सगळ्यात वरची फांदी ६५,५३६ मधे एक इतकी अचूक लागते. आमच्या उद्यमनगरातल्या टर्नरला सांगायचं तर एक मीटरच्या रॉडमधे १५ मायक्रॉनची चूक चालेल, जास्त नाही. आणि गरम झाल्यावर सुद्धा तेवढीच. सीडी आली १९८२ मधे, फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून काढलेली, तेव्हा फिलिप्सकडं १४ बिटचाच डॅक तयार होता आणि सोनी १६ बिटवर ठाम. मग फिलिप्सच्या इंजिनिअर लोकांनी त्याच १४ बिटच्या चिपमधून १६ बिटचं काम काढून घेतलं. कसं, ते दुधानं सांगतो.

गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दूध देतात. समजा गवळ्याकडं एकच माप आहे, एक लिटरचं. द्यायचं तर पूर्ण एक, नाहीतर शून्य. तुम्हाला रोज ७०० मिली पाहिजे. रोज एक दिलं तर ३०० जास्त, शून्य दिलं तर घरात बोंब. मग तो वही ठेवतो. रोज तुमच्या नावावर ७०० लिहितो, बाकी ५०० किंवा वर गेली की एक माप घालतो आणि उरलेली बाकी, जास्त असो की कमी, उद्यावर ढकलतो. पहिल्या दिवशी एक, वहीत उणे ३००. दुसऱ्या दिवशी बाकी ४००, म्हणून शून्य. तिसऱ्या दिवशी ११००, एक. असं लिहीत गेलं की दहा दिवसांचा हिशोब येतो १, ०, १, १, १, ०, १, १, ०, १. बेरीज सात लिटर, वहीत बाकी शून्य. एकाच मापानं ७०० मिली अचूक! घरात मोठं पातेलं असलं आणि दूध त्यातून घेत गेलात तर कमीजास्त कळतच नाही.

गंमत अशी की गवळ्याची चूक कुठं गेली नाही. रोज चूक आहेच, पण आजची उद्या फेडली जाते म्हणून ती भराभर वरखाली होत राहते, महिन्याच्या हिशोबात तिचा मागमूस नसतो. आवाजाच्या भाषेत, चूक ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून उचलून वरच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीत नेऊन टाकली, आणि पातेलं म्हणजे शेवटचा फिल्टर तो वरचा गोंधळ गाळून टाकतो. याला नॉइज शेपिंग म्हणतात, आणि अशा सगळ्या यंत्रणेला डेल्टा-सिग्मा, १९६२ मधे जपानमधे इनोसे, यासुदा या मंडळींनी मांडलेली. नुसता आकडे काढायचा वेग दुप्पट केला तर अर्धा बिट मिळतो, एक वही ठेवली तर दुप्पट वेगाला दीड बिट, वहीवर वही म्हणजे बाकीचीही बाकी ठेवली तर अडीच. वेग सीडीच्या ६४ पट म्हणजे सहा वेळा दुप्पट, सेकंदाला २८,२२,४०० मापं, म्हणजे दोन वह्यांमधे कागदावर १५ बिटची कमाई, आणि वह्या अजून वाढवत गेलं तर हिशोब कोलमडायची भीती, म्हणून मग मापं एकाऐवजी थोडी जास्त ठेवतात, ५-६ बिटची. आजच्या बहुतेक ऑडिओ चिप अशाच. अचूक रेझिस्टर महाग, पण वही ठेवणं सिलिकॉनमधे फुकटात होतं, म्हणून चांगला डॅक आज स्वस्त आहे. मला हे विसाव्या शतकातल्या सगळ्यात सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतं.

३२ बिटचं काय? चांगल्यातले चांगले डॅक सुद्धा प्रत्यक्षात २०-२१ बिटच्या आसपास थांबतात, पुढं सर्किटमधली उष्णतेची खरखरच जास्त असते. डबीवरचा ३२ हा आकडा चिप किती लांब आकडा आत घेते त्याचा आहे. आणि कान? २००७ मधे अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी हाय-रेझ आवाज आणि तोच सीडीच्या १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झमधून काढलेला आवाज डोळ्याआड बदलून लोकांना ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं २७६. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती.

मग दुकानात फरक कसा जाणवतो? एक डॅक २ व्होल्ट देतो, दुसरा २.५ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ २ डेसिबल फरक. एवढ्याशा फरकाला कान 'मोठा आवाज' म्हणत नाही, 'छान आवाज' म्हणतो. म्हणून व्होल्टमीटरनं आवाज सारखा केल्याशिवाय केलेली तुलना धरू नका. बाणाची दिशा छापलेली यूएसबी वायर, डबीवर ठेवायचे खास दगड, २०० तास वाजवून 'उघडणारी' केबल, हे गाडीला टांगलेल्या लिंबू-मिरचीच्याच जातीचं आहे. आकडे पोचले तर पूर्ण पोचतात, नाही पोचले तर टकटक आवाज येतो किंवा गाणं तुटतं, 'मध्यम सप्तक जरा मऊ' असं वायरमुळं होत नाही.

माझ्या मित्राला गायिका केसरबाई केरकरांचं गाणं लई प्रिय. आपल्या कोल्हापूर दरबारच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या त्या शिष्या, १९७७ मधे व्हॉयेजरबरोबर अवकाशात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे. पण त्या जुन्या ७८ च्या रेकॉर्डवर सुईच्या खरखरीतून मुश्किलीनं ४० डेसिबल मिळतात. १६ बिट तिथं गरजेपेक्षा कितीतरी जास्त झाले. त्याचे स्पीकर १५ वर्षांचे, कोन भोवतीचा फोम हाताला भुगा होऊन लागतो, खरे पैसे तिथं घालायला पाहिजेत. स्पीकर खर्जात १ टक्का विकृती (मूळ आवाजात बिघाड) सहज करतो, साधा बरा डॅक ०.००१ टक्क्याच्या आसपास असतो. आणि समोरच्या उघड्या भिंतीला जाड पडदा लावायला पाहिजे.

तरी डॅक घ्यायचाच तर जोडण्या बघा. २ व्होल्ट आउटपुट, यूएसबी आणि ऑप्टिकल दोन्ही, आवाजाचं बटण ॲम्प्लिफायरला नसेल तर डॅकला. ऑप्टिकल का, तर माझ्याच घरी लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून ५० हर्ट्झची घूं सुरू व्हायची, चार्जर काढला की बंद. महिनाभर मी डॅकला दोष देत होतो, दोष होता अर्थिंगच्या फेऱ्याचा, दोन प्लग आणि मधली तांब्याची तार मिळून झालेल्या कड्याचा. ऑप्टिकल वायरमधून फक्त उजेड जातो, कडं तुटतं. लावल्याच्या क्षणी घूं गेली.

टीव्ही जोडणार असाल तर सेटिंगमधे डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (न दाबलेले साधे आकडे) करून ठेवा. कोल्हापुरात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत, टीव्हीच्या मेनूतलं डॉल्बी म्हणजे दाबून बांधलेला डिजिटल आवाज, साध्या स्टीरिओ डॅकला तो उलगडता येत नाही, नुसती शांतता येते आणि माणूस नवीन डबी बिघडली म्हणून परत करायला निघतो. मित्रानं शेवटी ६,००० चा डॅक घेतला. स्पीकरचा फोम पुढच्या रविवारी बदलायचाय, मी जाणार आहे.