टायमिंग, जुन्या मोटारींचे (कोकण किनारा)

जुन्या पेट्रोल मोटारींत प्लगची ठिणगी पिस्टनच्या कोणत्या स्थितीत पडावी हे ठरवणारी व्यवस्था, तिच्यात येणारे दोष आणि किनारपट्टीच्या हवेत ते शोधून काढण्याची रीत. ‘जुन्या मोटारी’ म्हणजे येथे पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारी विजेची टोके) व डिस्ट्रिब्युटर (ती ठिणगी क्रमाने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) असलेल्या गाड्या. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या संदर्भात मुख्यतः फियाट ११०० व तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर, स्टँडर्ड हेरल्ड आणि पेट्रोल इंजिनाची जीप या गाड्या विचारात घेतल्या आहेत. या चारही गाड्यांच्या चार सिलिंडरी इंजिनांचा ज्वलनक्रम १–३–४–२ असा आहे. व्हॉल्व्हचे टायमिंग ठिणगीशी संबंध येतो तेवढेच घेतले आहे.

तत्त्व : सिलिंडरमधले मिश्रण पेटायला सुरुवात झाल्यापासून दाब शिगेला पोचेपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या गतीने क्रँक एका सहस्रांश सेकंदात १८ अंश फिरते. दाबाचा कळस पिस्टन वरच्या टोकावरून नुकताच खाली वळल्यावर, सुमारे १० ते १५ अंशांवर, यावा लागतो; म्हणून ठिणगी पिस्टन टोकाला पोचण्याआधीच पडली पाहिजे, आणि गती वाढेल तशी ती आणखी आधी पडली पाहिजे. डिस्ट्रिब्युटरमधली वजने गतीनुसार, तर व्हॅक्यूमचा पडदा इंजिनावरील भारानुसार ही आघाडी कमीजास्त करतो. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून चालतो, म्हणजे क्रँकच्या निम्म्या गतीने.

इतिहास : विजेच्या ठिणगीने वायू पेटवण्याचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल एकमत नाही. व्होल्टाच्या ठिणगीवर उडणाऱ्या वायू-पिस्तुलापर्यंत (अठराव्या शतकाचा उत्तरार्ध) काही लेखक मागे जातात. पण त्यात टायमिंगचा प्रश्नच येत नाही. स्वित्झर्लंडच्या इझाक द रिव्हाझ याने १८०७ मध्ये पेटंट घेतलेल्या इंजिनात ठिणगी हाताने पाडली जाई. फ्रान्समध्ये लेनवार याच्या १८६० च्या इंजिनात प्रवर्तन वेटोळे होते, आणि ठिणगी यंत्राच्या गतीशी जुळवण्याची सुरुवात तेथून धरणे अधिक योग्य वाटते. व्हिएन्नाच्या झीगफ्रीट मार्कुस याच्या मोटारीत मॅग्नेटोची (बॅटरीशिवाय स्वतःच वीज निर्माण करणाऱ्या यंत्राची) ठिणगी होती. या मोटारीचा काळ पूर्वी १८७५ सांगितला जाई. नंतरच्या संशोधनाने तो सु. १८८८-८९ पर्यंत पुढे आणला आहे, आणि हीच कालनिश्चिती आता ग्राह्य मानली जाते. जुन्या संदर्भग्रंथांत अजून १८७५ हेच साल भेटते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले आहे. डाइम्लरच्या सुरुवातीच्या इंजिनांत तापलेल्या नळीने मिश्रण पेटे. तीत मिश्रण पेटण्याची वेळ हवी तशी बदलण्याची सोय नव्हती. रॉबर्ट बॉशने १८८७ मध्ये स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला आणि त्याच्याच कारखान्यात गोटलोब होनोल्ड याने १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो व प्लग ही जोडी सिद्ध केली.

पॉइंट, कॉईल, कंडेन्सर व बॅटरी यांची जी रचना कोकणातल्या गाड्यांत दिसते ती मात्र अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगची, सु. १९०९ ते १९१२ या काळातली. त्यानंतरही बरीच वर्षे टायमिंग चालकाच्या हातात होते. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत (१९०८–२७) स्टिअरिंगखालचा डावा दांडा ठिणगी पुढेमागे करण्यासाठीच होता. आपोआप चालणारी आघाडी रुळल्यावर चालकाचे हे काम संपले.

लक्षणे : ठिणगी उशिरा पडत असेल (गॅरेजच्या भाषेत टायमिंग ‘मागे’ असेल) तर गाडी ओढत नाही, रेडिएटर तापतो, पेट्रोल जास्त लागते, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. लवकर पडत असेल तर चढावर भार आला की इंजिन टकटक आवाज करते, स्टार्टर जड फिरतो आणि हँडलने सुरू करताना हँडल उलटा झटका देते. मनगट मोडू शकते. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, पलीकडे गुंडाळू नये. किनाऱ्यावरच्या सपाट रस्त्यावर दोष लपून राहतो. कशेडी, परशुराम, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली या घाटांत तो उघडा पडतो, आणि बऱ्याच मालकांना तो तेथेच प्रथम कळतो.

किनाऱ्याचा परिणाम : येथे टायमिंगचा म्हणून गॅरेजात आणलेला दोष पुष्कळदा टायमिंगचा नसतोच. खारी हवा, पावसाळ्यातला सततचा ओलावा आणि गाडी महिनोन्‌महिने उभी असणे ही तीन कारणे आधी पाहावीत. मुंबईकर चाकरमान्याची गाडी पडवीत किंवा मांगरात उभी असते आणि शिमग्याला वा गणपतीला चालू केली जाते. मधल्या काळात पॉइंटच्या टंगस्टन टोकांवर ऑक्साइडचा अदृश्य थर बसतो. त्यातून करंट नीट जात नाही आणि इंजिन ‘मिसिंग’ करते. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये आतून दव धरते आणि मिठाच्या थरावरून ठिणगी भलत्या वाटेने जाते. काही दिवसांत त्या वाटेवर कार्बनची काळी रेघ उमटते. अशी कॅप पुसून बरी होत नाही, बदलावी लागते. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडल्यास एचटी वायरींवर (प्लगकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या वायरींवर) निळसर ठिणग्या चमकताना दिसतात. ही तपासणी फुकटची आणि अचूक आहे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही तिच्यातच सापडतात.

गंजाचा दुसरा बळी आघाडी देणारी वजने. त्यांच्या खिळ्या गंजून अडकल्या की आरामगतीला (आयडलिंगला) टायमिंग बरोबर दिसते, पण गती वाढूनही ठिणगी पुढे सरकत नाही. रोटर (कॅपखालचा फिरता तुकडा) हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेला किंचित पिळून सोडावा; तो स्प्रिंगने झटकन परत आला पाहिजे. रोटर काढून त्याखालच्या वातीवर दोन थेंब तेल सोडण्याची सूचना जुन्या पुस्तिकांत असे. कोकणात ती पाळण्याची गरज सर्वांत जास्त आहे आणि पाळली जाते सर्वांत कमी. व्हॅक्यूमच्या पडद्यासाठी नळी तोंडाने ओढून पाहतात. ओढ धरून राहिली नाही तर पडदा फाटलेला असतो.

पॉइंटची गॅप व टायमिंग : हे नाते नीट समजल्याशिवाय डिस्ट्रिब्युटरला हात लावू नये. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जाते आणि पॉइंट मिटून राहण्याचा कोन (ड्वेल) घटतो. कॅमवर घासणारी टाच झिजली की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे पडत जाते. ड्वेल एक अंशाने वाढल्यास क्रँकवर टायमिंग साधारण एक अंश मागे येते. कारण वाढीचा निम्मा भाग उघडण्याच्या बाजूला जातो आणि डिस्ट्रिब्युटरचा अर्धा अंश क्रँकवर एक अंश होतो. म्हणून क्रम नेहमी आधी गॅप, मग टायमिंग असाच. उलट क्रमाने केलेले काम गॅप लावताच बिघडते. लुकास धर्तीच्या चार सिलिंडरी डिस्ट्रिब्युटरसाठी गॅप ०·३५ ते ०·४० मिमी. असते, इतरांसाठी त्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा घ्यावा. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून मधून कोरे जाड कार्ड ओढावे, नाहीतर पेपरची कणी अडकून गॅप खोटी दिसते. खड्डा पडलेल्या पॉइंटमध्ये फिलर गेज (गॅप मोजण्याची पाती) नेहमी कमी गॅप सांगतो. असे पॉइंट बदललेलेच बरे, आणि कंडेन्सरवरही संशय घ्यावा. डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजून शाफ्ट हलत असेल, तर प्रत्येक सिलिंडरची ठिणगी वेगळ्या अंशावर पडते व कोणतीही जुळणी टिकत नाही.

टायमिंग लावणे : एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरावा आणि इंजिन हाताने फिरवावे. दाब अंगठ्याला ढकलू लागला म्हणजे कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. वरचे झाकण उघडे असेल तर चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसतात, हीही तीच खूण. ही खूण न पाहता डिस्ट्रिब्युटर बसवला तर तो १८० अंशांनी चुकण्याची शक्यता राहते. मग गाडी सुरू होत नाही आणि कार्ब्युरेटरमधून भडका उडतो. पुलीवरची रेघ पुस्तिकेतल्या अंशावर आणावी. कॉईलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलपासून अर्थिंगपर्यंत १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडून स्विच चालू करावा. डिस्ट्रिब्युटर सैल करून हळूहळू फिरवताना बल्ब ज्या क्षणी पेटतो तो पॉइंट उघडण्याचा क्षण. तेथे बोल्ट घट्ट करावा. रोटर फिरण्याच्या दिशेने डिस्ट्रिब्युटर वळवल्यास टायमिंग मागे, विरुद्ध दिशेने वळवल्यास पुढे. इंजिन मागे-पुढे हलवून पाहताना क्रँक सुमारे १० अंश फिरूनही रोटर जागचा हलत नसेल, तर टायमिंग चेन सैल झाली आहे. तेव्हा व्हॉल्व्ह आणि ठिणगी दोन्ही उशिरा येतात. नुसती ठिणगी पुढे घेऊन ओढ परत मिळत नाही.

बल्ब, स्ट्रोब दिवा (ठिणगीबरोबर चमकून चालू इंजिनाच्या पुलीवरची रेघ दाखवणारा) आणि कान यांपैकी कशावर भिस्त ठेवावी याबद्दल दोन पक्ष आहेत. जुने मिस्त्री घाटात गाडी चढवून, टकटक येईल इतके पुढे घेऊन मग थोडे मागे आणतात. पुस्तिका मानणारे स्ट्रोबशिवाय बोलत नाहीत. बल्बने बसवणे, स्ट्रोबने आघाडी तपासणे आणि शेवटचा एखादा अंश घाटात ठरवणे हा क्रम अधिक विश्वासार्ह दिसतो, कारण अडकलेली वजने बल्बला दिसत नाहीत आणि झिजलेला बुश कानाला कळत नाही.

घाटमाथ्यावर लावलेले टायमिंग किनाऱ्यावर तसेच चालेल असे नाही. कोल्हापूर सु. ५५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सहा टक्के कमी असतो. तिकडे गुळगुळीत चालणारी गाडी रत्नागिरीला उतरल्यावर दाट हवेत नॉक (टकटक) करू शकते. पावसाळ्यातली वाफ ज्वलन किंचित मंद करून हा परिणाम थोडा झाकते, पण थंडीत तो पुन्हा वर येतो.

इंधन : या गाड्यांची इंजिने साधारण ७ ते ८ पट कॉम्प्रेशनची आहेत. शिशाचे पेट्रोल भारतात फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने नॉकिंग वाढत नाही. मात्र त्याला ज्वलनासाठी हवा कमी लागते (पेट्रोलला वजनाने १४·७ पट, इथेनॉलला सुमारे ९ पट). जुन्या जेटने (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्राने) मिश्रण पातळ होते आणि गाडी उशिरा टायमिंगसारखीच वागते. अशा गाडीचे टायमिंग पुढे ढकलण्याआधी जेट व कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग तपासावे. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. किनाऱ्यावर अर्धी टाकी भरून गाडी पावसाळाभर उभी ठेवणे म्हणून विशेष वाईट.

सद्यस्थिती : पॉइंटऐवजी चुंबकीय संवेदक बसवण्याचे संच मिळतात. टाच झिजण्याचा व टोकांवर थर बसण्याचा प्रश्न त्यांनी सुटतो, कॅपमधल्या ओलाव्याचा सुटत नाही. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. तिच्यात इंजिन, चासी व बॉडी यांत मोठा बदल झालेला चालत नाही. असा संच मूळ डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसत असला, तरी काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवण्याची जाणकारांची प्रथा आहे.