गुडघा किती वाकतो, हे कोण सांगणार?

"काकू, व्यायाम चालू आहेत ना?" असं फिजिओथेरपिस्टने विचारलं, की कोथरूडपासून हडपसरपर्यंत उत्तर एकच : "हो तर, रोज तीनदा!" गुडघा बदलून घेतलेल्या माझ्या मावशीनेही तेच ठोकून दिलं. तिच्या मांडीला आणि पोटरीला बांधलेल्या काडेपेटीएवढ्या सेन्सरांच्या नोंदीत मात्र आठवड्यातले तीनच व्यायाम होते. "सुनेनेच लावून ठेवलंय हे," मावशी फणकारली.

अंगावर काहीतरी बांधून चाल मोजायची हौस तशी दीडशे वर्षं जुनी. 1870च्या दशकात पॅरिसच्या एतिएन-ज्यूल मारे यांनी बुटांच्या तळव्यांत हवेच्या पिशव्या बसवल्या. पाऊल टेकलं की नळीतून दाब जायचा आणि धावणाऱ्याच्या हातातल्या यंत्रावर रेघ उमटायची. 1891मध्ये लाइपझिगला ब्राउने आणि फिशर यांनी एका सैनिकाच्या अंगावर विजेच्या प्रकाशनळ्या बांधून अंधारात त्याची छायाचित्रं घेतली. त्याला नुसतं सजवायलाच काही तास लागत. असला थाट रोजच्या रुग्णासाठी कोण करणार?

चालायला पुन्हा शिकवायचं काम पुण्याला नवं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी 1944मध्ये इथे लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र निघालं. त्या काळी सगळीकडेच मदार होती ती अनुभवी नजरेवर आणि गोनिओमीटरवर, म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या थोरल्या भावावर.

गंमत म्हणजे स्वस्त सेन्सर दवाखान्यातून आला नाही, मोटारीतून आला. धडक ओळखून एअरबॅग उघडण्यासाठी 1990च्या दशकात सिलिकॉनचे इवलेसे प्रवेगमापक, म्हणजे वेगातला बदल टिपणारे सेन्सर, बनू लागले. आत बारीक स्प्रिंगांवर तोललेलं वजन असतं. हालचाल झाली की ते किंचित मागे राहतं, आणि तेवढ्या फरकाने विजेचा संकेत बदलतो. पुढे हीच चिप मोबाइलमध्ये शिरली आणि किंमत कोसळली. जोडीला वळण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप आला. मांडी आणि पोटरी किती कलल्या आहेत, यातला फरक म्हणजे गुडघ्याचा कोन. पण कोन काढायला जायरोस्कोपचे आकडे क्षणाक्षणाला बेरजेत घ्यावे लागतात आणि त्यातली बारीकशी चूक साठत जाते, आणि दिशेसाठी चुंबकमापक जोडावा तर लोखंडी खाटेपाशी तोही बहकतो.

मावशीच्या पोटरीवरचा पट्टा एकदा फिरला, तर आकडा थेट 118 अंश. ती खूश. फिजिओने हसत खिशातला प्लॅस्टिकचा गोनिओमीटर काढून गुडघ्याला लावला : 95.