रेनबो मॅजिक

रेनबो मॅजिक : पऱ्या आणि मैत्री यांभोवती गुंफलेली इंग्रजी बालकथामाला. ऑर्चर्ड बुक्स या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने ती २००३ मध्ये सुरू केली. अमेरिकेत ती स्कोलॅस्टिकतर्फे प्रसिद्ध होते. मुखपृष्ठावर डेझी मेडोज हे लेखिकेचे नाव असले, तरी ते टोपणनाव आहे. नुकतेच स्वतःचे स्वतः वाचू लागलेल्या मुलांसाठी लिहिलेल्या या छोट्या, सचित्र पुस्तकांची संख्या आता दोनशेच्या पुढे गेली आहे.

रेचेल वॉकर आणि कर्स्टी टेट या दोन मुली सुटीसाठी रेनस्पेल बेटावर जाताना बोटीत भेटतात. परीराज्यातल्या नृत्यसमारंभाचे आमंत्रण न मिळाल्याने संतापलेल्या जॅक फ्रॉस्टने (थंडीचे मानवी रूप) इंद्रधनुष्याच्या सात पऱ्यांना शाप देऊन हाकलून दिलेले असते आणि त्यामुळे परीराज्यातले सगळे रंग उडालेले असतात. मुली दर पुस्तकात एकेका परीला शोधून काढतात. पुढच्या संचांतही रचना बहुधा हीच राहिली : सात पऱ्या, सात हरवलेल्या वस्तू, त्या पळवणारे जॅक फ्रॉस्टचे गॉब्लिन म्हणजे खोडकर बुटके. २००४ च्या हवामानविषयक संचात डूडल नावाच्या कोंबड्याची सात जादूची पिसे चोरीला जातात.

न बोलावलेल्या पाहुण्याचा शाप हे कथाबीज जुने आहे. शार्ल पेरोच्या १६९७ मधील निद्रिस्त राजकन्येच्या कथेत सात पऱ्यांना निमंत्रण जाते आणि विसरलेली आठवी, म्हातारी परी शाप देते. ग्रिम बंधूंच्या पाठात शाप देणारी तेरावी असते. सात या आकड्यामुळे पेरोचा पाठ या मालेला अधिक जवळचा वाटतो. तरीही येथे सात हा आकडा इंद्रधनुष्यावरून आला, असे मानणेच सयुक्तिक. ते सात रंगही निसर्गाने मोजून दिलेले नाहीत. न्यूटनने आधी पाच मुख्य रंग धरले होते. संगीतातील सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून त्याने नारिंगी आणि पारवा यांची भर घातली. ‘तानापिहिनिपाजा’ पाठ करताना मराठी मुले ज्या ‘पा’पाशी अडखळतात, त्याच पारव्या रंगाची परी ब्रिटिश आवृत्तीत इझी आणि अमेरिकन आवृत्तीत इंकी आहे. पिवळी सॅफ्रन तिकडे सनी होते, तर जांभळी हेदर व्हायलेट होते.

परीराज्याचे राजा-राणी ओबेरॉन आणि टायटेनिया ही नावे शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधून (सु. १५९५-९६) घेतलेली आहेत. शेक्सपिअरला ओबेरॉन हे नाव ‘ह्युऑन द बोर्दो’ या तेराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या फ्रेंच वीरकाव्याच्या इंग्रजी भाषांतरातून मिळाले असावे. टायटेनिया हे रोमन कवी ओव्हिडने डायना देवीसाठी योजलेले विशेषण. जॅक फ्रॉस्टचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. प्राचीन नॉर्स (स्कँडिनेव्हियन) साहित्यातील योकुल (हिम) आणि फ्रोस्टी (गारठा) या नावांशी त्याचा संबंध पुष्कळदा जोडला जातो. परंतु त्या नावांपासून इंग्रजी रूपापर्यंतची मधली कडी दाखवता येत नाही. इंग्रजीत हे नाव बरेच उशिरा, अठराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागते. ‘जॅक’ हे तेथे कोणाही पुरुषाला लावले जाणारे नाव असल्याने थंडीचे ते साधे मानुषीकरण असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मराठीत या पात्रांना ‘परी’ म्हणताना एक सावधगिरी हवी. परी आणि इंग्रजी ‘फेअरी’ हे शब्द एकाच मुळाचे असल्याचे पूर्वी काही जण मानत. आता तसे मानले जात नाही. परी हा शब्द फार्सीतून मराठीत आला. त्यामागे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील ‘पइरिका’ हा शब्द असून तेथे तो दुष्ट स्त्रीशक्तीचा वाचक आहे. ‘फेअरी’ची परंपरा लॅटिन ‘फाता’ म्हणजे दैवदेवता, त्यापासून जुन्या फ्रेंचमधील रूपे, अशी सांगितली जाते. ध्वनिसाम्य योगायोगाचे आहे. या मालेतील चिमुकली, पारदर्शक पंखांची परी तर त्याहून अलीकडची : अलेक्झांडर पोपच्या १७१४ च्या काव्यात सूक्ष्म जीवांना कीटकांचे पंख आहेत आणि व्हिक्टोरियन चित्रकारांनी ते रूप रूढ केले.

मालेची कल्पना लंडनच्या वर्किंग पार्टनर्स या कथानिर्मिती संस्थेची. अशा पद्धतीत कथानकाचा आराखडा संस्थेत तयार होतो, लेखन निरनिराळे लेखक करतात आणि सर्वांवर एकच नाव छापले जाते. अमेरिकेतील स्ट्रॅटमायर संस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत रुजवली. ‘नॅन्सी ड्र्यू’ या कथामालेवर लेखिका म्हणून छापले जाणारे कॅरोलिन कीन हे टोपणनाव तिचे प्रसिद्ध अपत्य. डेझी मेडोज या नावामागे नरिंदर धामी, स्यू बेंटली, लिंडा चॅपमन आणि स्यू माँग्रेडियन या लेखिका होत्या; पुढे आणखी काहींची भर पडली. धामी या भारतीय वंशाच्या ब्रिटिश लेखिका. आरंभीची चित्रे जॉर्जी रिपर यांची. ठरीव साच्यामुळे या पुस्तकांवर टीका होते. ती साहित्यगुणांपुरती मान्य करावी लागते. पण ओळखीचा साचा हाच नवशिक्या वाचकाचा आधार असतो. पुढे काय घडणार हे ठाऊक असल्याने त्याचे सारे लक्ष शब्द उलगडण्यावर राहते आणि एक पुस्तक संपले की दुसरे तो आपणहून मागतो. ब्रिटनच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वाधिक नेल्या जाणाऱ्या लेखकनामांत डेझी मेडोज हे नाव वरच्या क्रमांकांवर येत राहिले आहे.

मैत्रीचे चित्रण येथे वेगळ्या रीतीने होते. रेचेल टिपिंग्टनला आणि कर्स्टी वेदरबरीला राहते. त्यामुळे त्यांच्या भेटी मुख्यतः सुट्यांत होतात आणि कथाही तेव्हाच घडतात. दोघींत रुसवेफुगवे, चढाओढ जवळपास नाही. परीराज्याचे गुपित मोठ्यांपासून जपणे हाच त्यांच्या मैत्रीचा धागा आहे. एकीला सुचते आणि दुसरी ते तडीस नेते, अशी कामाची वाटणी बहुतेक पुस्तकांत आढळते.

या मालेवर आधारित एक जपानी सचेतनपट २०१० मध्ये निघाला.